पहिला हात

"इथं लिहिलेलं होतं, ते कुठं गेलं?" असे एका बाईंनी मला विचारले, तेव्हा माझ्या रोलरमधला पांढरा प्रायमर मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता आणि नळाशेजारच्या भिंतीचा कोपरा उरकून मी दोन पायऱ्या मागे सरून त्याच्याकडे समाधानाने पाहत होते. जानेवारी २०१९ मधला रविवार होता, सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरउतारावरची ती गल्ली इतकी अरुंद होती, की समोरून कोणी आले तर आपण अंग चोरून भिंतीला टेकावे. त्या दिवशी भिंती ओल्या असल्यामुळे तेही करता येत नव्हते. बाई वरच्या पायऱ्यांवरून उतरत आल्या होत्या आणि त्यांच्या कमरेवर रिकामा हंडा होता. "काय लिहिलेलं होतं?" मी विचारले. त्यांनी भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे. "काही नाही, असंच," एवढेच म्हणून त्या हंडा सावरत खाली निघून गेल्या. त्यांचे ते "असंच" त्या दिवशी माझ्याबरोबर घरी आले आणि पुढे बरीच वर्षे राहिले.

आमचा गट म्हणजे वर्गणी काढून रंग विकत घेणारी आणि शनिवार-रविवार हाताने काम करणारी चाळीसएक माणसे. त्यांत शिक्षक होते, एक दंतवैद्य होत्या, कला महाविद्यालयातली चार मुले होती, आणि माझ्यासारख्या बँकेत नोकरी करून कन्नमवार नगरात राहणाऱ्या, म्हणजे रेल्वेच्या रुळांपलीकडून इकडे आलेल्या दोघीतिघी होत्या. कल्पना कुठून आली ते सांगायला नकोच. डिसेंबर २०१७ मध्ये 'चल रंग दे' या उपक्रमात शेकडो स्वयंसेवकांनी असल्फ्याच्या टेकडीवरच्या घरांच्या भिंती रंगवल्या होत्या. जून २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यापासून ती टेकडी रोज हजारो प्रवाशांच्या डोळ्यांसमोरून सरकत होती, पण डब्यातले कोणी मान वळवून पाहत नव्हते. रंग लागले आणि माणसे मोबाइल काढून खिडकीशी आली. वर्तमानपत्रांनी इटलीतल्या पोझितानोची आठवण काढली. मीही त्या गाडीतून जाताना काचेला नाक लावून पाहिले आहे आणि माझे मन खरोखर हरखले आहे. मात्र आमची गल्ली कुठल्याही मेट्रोतून दिसत नव्हती, आणि याचा आम्हाला अभिमान होता. आपण लांबून बघणाऱ्यांसाठी काही करत नाही, जे रोज या भिंतीजवळून जातात त्यांच्यासाठी करतो आहोत, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. ते खोटे नव्हते. पण त्या भिंतीजवळून रोज जाणारी माणसे तिच्याकडे आधीपासून कशी पाहत आली आहेत, हे मात्र आमच्यापैकी कोणी विचारले नव्हते.

रंगकामात रंग देणे हा सर्वांत शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग असतो. त्याआधी दोन दिवस आम्ही पत्र्याने पोपडे खरवडत होतो. जुन्या डिस्टेंपरच्या खाली चुना, चुन्याखाली पुन्हा कुठलासा हिरवा, त्याखाली विटेची लाली. एका भिंतीत चारचार दिवाळ्यांचे थर निघत. तडे गेले होते तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली आणि तो पांढरा भुकटा सर्वांच्या पापण्यांवर बसला. काम सुरू करण्याआधी गल्लीतल्या एका वयस्क गृहस्थांनी आम्हाला घराघरापुढे नेऊन एक गोष्ट बजावून सांगितली होती. दाराच्या चौकटीजवळ लाल रंगाने लिहिलेले सर्वेक्षणाचे नंबर आणि विजेच्या मीटरवरचे आकडे यांना हात लावायचा नाही. झोपडपट्टीतल्या घराचा मोफत पुनर्वसनाचा हक्क ज्यावर ठरतो, ते १ जानेवारी २००० च्या आधीपासून घर उभे असल्याचे सिद्ध करता येणे म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्या बजावण्यातला धाक समजेल. आम्ही ते तंतोतंत पाळले. प्रत्येक नंबराभोवती चिकटपट्टी लावून चौकट आखली, वर कागद डकवला आणि रंग वाळल्यावर तो इतक्या अलगद काढला, की लाल आकड्याला इवलासासुद्धा डाग लागला नाही. सरकारने लिहिलेले सगळे आम्ही जपले.

नळाशेजारी जे होते ते मात्र मला लिखाण वाटलेच नाही.

कोळशाच्या रेघा, त्यांवर निळ्या पेनाने गिरवलेली काही अक्षरे, बोटांचे तेलकट ठसे आणि खाली शेवाळाची कड. मी त्यावर पत्रा फिरवला, ओल्या फडक्याने पुसले आणि प्रायमरचा पहिला हात मारला. रंगारी लोक 'कोट' म्हणत नाहीत, 'हात' म्हणतात: पहिला हात, दुसरा हात. पुढच्या रविवारी आम्ही पिवळा रंग घेऊन आलो तेव्हा नळावर भांडण झालेले होते, आणि ते पहाटेच होऊन गेले असले तरी त्याची ऊब गल्लीत शिल्लक होती. दोन दारे बंद होती आणि चहा या वेळी एकाच घरातून आला. कोणी सांगत नव्हते, पण रविवारचा पहिला नंबर कोणाचा यावरून ते झाले एवढे मला कळले. सात घरांत मिळून एक नळ. महापालिका अशा वस्त्यांत घरटी नळ न देता घरांच्या गटाला मिळून जोडणी देते. डोंगर चढता चढता पाण्याचा जोर ओसरतो आणि तिथे पाणी पहाटे साडेचारला येऊन दीड तासात जाते. पहिला नंबर म्हणजे भरलेले पिंप, आणि सातवा म्हणजे तळाशी वाजणारा हंडा. त्यातही रविवार सर्वांना हवा असतो, कारण त्या दिवशी सगळे घरी असतात आणि आठवड्याचे कपडे धुवायचे असतात.

त्या रात्री घरी येऊन मी आमच्या गटातल्या मुलाने काढलेली 'आधी'ची छायाचित्रे उघडली. भिंत रंगवण्यापूर्वी आणि रंगवल्यानंतर, अशी जोडीने छायाचित्रे काढायची आमची रीत होती. नळाच्या भिंतीचे छायाचित्र मी दोन बोटांनी मोठे करत गेले आणि त्या काळ्या डागांतून अक्षरे वर आली. सो - कोपरा. मं - अम्मा. बु - रिक्षा. गु - वरची. शु - मास्तर. श - साताऱ्याची. र - टेलर. गल्लीने एकमेकांना ज्या नावांनी ओळखावे तीच नावे. त्याखाली, थोडे तिरके: 'पाहुणे असल्यास २ हंडे जास्त.' आणि सर्वांत खाली, एकदा पुसट होऊन पुन्हा गिरवलेले: 'मयत असेल त्या घरी पहिलं पाणी.'

मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगता येणार नाही.

स्मशानातून परतलेल्या माणसांना अंघोळीला पाणी लागते, आणि ते त्या घराने मागण्याची वेळ येऊ नये, एवढा विचार कोणीतरी त्या ओल्या कोपऱ्यात उभे राहून केला होता, सातही घरांनी तो मान्य केला होता आणि नळ उघडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर लिहून ठेवला होता. चित्र काढण्यासाठी ती सर्वांत चांगली भिंत का वाटली, हेही मला तेव्हा कळले. येता-जाता प्रत्येकाची नजर तिच्यावर पडत होती. ती जागा आम्ही हेरली नव्हती, गल्लीने आधीच हेरून वापरात आणली होती.

मला खरी लाज वाटली ती दुसऱ्याच कारणासाठी. ही गोष्ट मला माहीत असायला हवी होती. मी लालबागच्या चाळीत वाढले. दिवाळीच्या आधी वडील पत्र्याच्या डब्यात चुनकळी भिजत घालत, ती रात्रभर रटरटत राही आणि खोलीभर तो तिखट, ओला वास पसरे. सकाळी त्यात नीळ आणि डिंकाचे पाणी पडे, म्हणजे भिंत निळसर पांढरी दिसे आणि पाठीला चुना लागत नसे. दाराच्या मागे आईने पेन्सिलीने मांडलेला दुधाचा हिशेब असे: रोजची एक उभी रेघ, जास्त घेतले तर रेघेला टोपी, खाडा पडला तर फुली. वडील कुंचा फिरवत त्या जागेपर्यंत येत, मग लहान ब्रश घेत आणि हिशेबाभोवतालची कड सांभाळून काढत. सगळी खोली नव्या चुन्याने उजळलेली आणि मध्ये वीतभर पिवळट जुना चौकोन, असे आमच्या कितीतरी दिवाळ्यांतले चित्र आहे. महिना सरला, भय्याचे पैसे दिले, की आई स्वतः ओल्या बोटांनी रेघा पुसे आणि मग त्या चौकोनावर वडील उरलेला चुना लावत. यावर आमच्या घरात कधी कोणी काही बोलले नाही. मी ते पाहिले होते आणि मोठेपणी मालकीच्या घरात प्लास्टिक पेंटच्या गुळगुळीत भिंतींमध्ये राहताना ते विसरूनही गेले होते.

लिहिलेल्या भिंती पाहतच आपण सगळे मोठे झालो. आजोळी शाळेच्या भिंतीवर 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा' हे गेरूने लिहिलेले होते. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी उरला नाही, पण माझ्या लहानपणी, म्हणजे पुढे कित्येक वर्षे, ती अक्षरे तिथेच होती. कोणी पुसली नाहीत, पावसाने हळूहळू नेली. चाळीच्या तोंडाशी मंडळाचा फळा असे आणि कोण वारले, कोण पास झाले, पाणी कधी येणार नाही हे सारे त्यावर खडूने उमटे. आणि डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक लिहितात तो याहून जुना. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने सवाशिणी तो लिहितात. हो, तिथे चित्र 'काढत' नाहीत, चौक 'लिहितात'. मधोमध पालघट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. त्या भिंतीवरचे चित्र पुढे जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणि कापडावर आणले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि चित्र जगभर गेले. पण घरातला चौक लग्नापुरताच असतो. नंतर धुराने तो मावळतो, पुढच्या सारवणाखाली जातो, आणि सारवणारे हातही घरातलेच असतात.

त्याउलट ऑगस्ट २००९ मध्ये तुळशी पाइप रस्त्यावर 'द वॉल प्रोजेक्ट'च्या हाकेला शेकडो माणसे डबे-कुंचले घेऊन आली आणि माहीम ते दादर रेल्वेची भिंत रंगून गेली, तेव्हा मी बसच्या खिडकीतून ती पाहत गेले होते आणि उतरून चालत परत आले होते. मला आजही वाटते की या शहरातली ती फार सुंदर घटना होती. पण त्या भिंतीपलीकडे रूळ होते, कोणाची मोरी किंवा चूल नव्हती. घराच्या भिंतीला दोन बाजू असतात आणि आपल्याला बाहेरची बाजू सर्वांची वाटते. मला तरी त्या दिवशी तशी वाटली होती.

तिसऱ्या खेपेला मी त्या बाईंना गाठले. त्या टेलरच्या घरातल्या होत्या. मी फोन पुढे केला. त्यांनी हात पदराला पुसले, फोन दोन्ही हातांत धरला आणि ओठ हलवत, एकेका वारावर बोट ठेवत सगळे वाचले. "मास्तरांचं अक्षर आहे," त्या म्हणाल्या. "दर पाडव्याला नव्यानं गिरवायचे. आमच्या सासूबाईंनी भांडून भांडून ठरवून घेतलं होतं हे." आता कोपऱ्याचे घर रविवार आमचाच होता म्हणत होते, नळ त्यांच्या भिंतीला होता, त्यांच्याकडे मोटर होती, आणि लिहिलेले कुठे उरले नव्हते. मी म्हटले, हा फोटो सगळ्यांना दाखवू या, चुकी माझी आहे, मीच सांगते. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "नको, ताई. तुम्ही संध्याकाळी घरी जाल. आम्हाला पहाटे साडेचारला याच नळावर उभं राहायचंय."

मी गटात विषय काढला. पिवळ्यात हातभर जागा कोरी सोडू, त्यांना हवे ते त्यांनी लिहावे, असे सुचवले. चित्र आखणाऱ्या मुलांना ते पटले नाही. रचना मोडते, असे ते म्हणाले, आणि त्यांच्या नजरेने ते बरोबर होते. दुपार झाली होती, रंग कालवून तयार होता आणि माणसे थांबली होती. मी फार ताणून धरले नाही. दुसरा हातही मीच मारला.

तरीही त्या चार रविवारांतला आनंद खोटा होता असे मी म्हणणार नाही, कारण तो मी पाहिला आहे. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती म्हणून मुलांनी पतंग मागितले आणि त्या पिवळ्या भिंतीवर पतंग आले. सर्वांत मोठा, निळ्या कडेचा पांढरा पतंग नळाच्या बरोबर वर होता. त्याचा मांजा काढायला दहा वर्षांचा एक मुलगा पुढे आला. त्याने बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला, पतंगाच्या टोकापासून सुरुवात केली आणि पायऱ्या चढत, ब्रश न उचलता, पाच घरांच्या भिंतींवरून एक सलग रेघ अशी नेली, की आम्ही सगळे श्वास धरून त्याच्यामागून चढत राहिलो. शेवटच्या पायरीवर त्याने मांजा एका चितारलेल्या मुठीत नेऊन सोडला. तोवर बंद असलेली ती दोन दारेही उघडली होती. आजोबा खुर्ची बाहेर घेऊन बसले होते. टेलरच्या घरातून आणि कोपऱ्याच्या घरातून एकाच वेळी पोहे आले, आणि आम्ही दोन्हीकडचे खाल्ले.

१८ जुलै २०२१ च्या पहाटे विक्रोळीत सूर्यानगरला दरड कोसळून घरे गाडली गेली, आणि त्याच रात्री चेंबूरच्या भारतनगरात घरांवर भिंत पडली. माणसे झोपेत गेली. कन्नमवार नगरात रात्रभर तो पाऊस मी ऐकला होता. सकाळी बातमी पाहिल्यावर मला पहिल्यांदा पिवळा रंग आठवला आणि पाठोपाठ पत्र्याने खरवडताना दिसलेली ती विटेची लाली आठवली. एका विटेच्या त्या भिंतीला आतबाहेर धड गिलावाही नव्हता. तिला आम्ही लांबी लावून गुळगुळीत केले होते. त्या दिवशी ज्यांचे नंबर होते त्या सर्वांना मी फोन केले. तिसरा लागला. "आपली गल्ली आहे," पलीकडून आवाज आला. "पाणी घरात आलं, पण गल्ली आहे." मागून बाया बोलत असल्याचा, भांडी सरकवल्याचा आवाज येत होता. मी फोन ठेवून खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिले.

२०२३ मध्ये दिवाळीच्या आधी मी पुन्हा त्या पायऱ्या चढले. टेलरच्या घराचा दर्शनी भाग आता फरशांनी मढवला होता. फिकट बदामी फरशी, वर तपकिरी फुलांची पट्टी. माझ्या वाट्याला आलेले दोन पतंग त्या फरशीखाली गेले होते. "दर वर्षी रंग कोण काढणार, ताई? ओल किती यायची. आता फडकं मारलं की झालं," बाई सांगत होत्या आणि सांगता सांगता खरोखर फडके मारत होत्या. त्यांनी मला चहा दिला. माझ्या मनात काहीतरी दुखावले होते, आणि त्याच क्षणी ती चकचकीत, त्यांनी स्वतः निवडलेली, हप्त्याने घेतलेली फरशी पाहून बरेही वाटत होते. ही दोन्ही एकत्र कशी असू शकतात ते मला तिथे बसून उलगडले नाही.

निघताना मी नळापाशी थांबले. पिवळा रंग धुतल्या हळकुंडासारखा झाला होता, तळाशी शेवाळ चढले होते, मांजाची रेघ तिसऱ्या घरापाशी तुटली होती. मोठ्या पतंगाचा पांढरा चौकोन मात्र शाबूत होता आणि त्यात काळ्या ऑइल पेंटने, सरावलेल्या हाताने लिहिले होते. पतंगाच्या टोकाशी जागा कमी म्हणून वरच्या ओळी आखूड, मधल्या लांब, खाली पुन्हा आखूड. "त्यानंच लिहिलं, तो मांजा काढणारा," बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मंडळाचे बोर्डही आता तोच लिहितो." घरे सातची नऊ झाली होती. 'रिक्षा' नव्हते, काही नावे मला अनोळखी होती, आणि एकदोन वारांपुढे दोनदोन नावे होती. रविवारपुढे होते: 'टेलर, कोपरा - एक आड एक'. पाहुण्यांचे दोन हंडे एकावर आले होते. सर्वांत खाली, टोकाच्या निमुळत्या जागेत, तीन ओळींत मोडून, मयताच्या घराचे पहिले पाणी होते.

मी फोन पर्समध्येच राहू दिला आणि सगळे वार एकेक करून, सावकाश वाचून काढले.